कॅथेटर बदलणारे हात

प्रश्न : अपघातात नवऱ्याच्या पाठीच्या कण्याला इजा झाली, त्याला दोन वर्षं झाली. छातीखाली त्याला काही जाणवत नाही. अंघोळ, कॅथेटर, कूस बदलणं, सगळं मीच करते. लाडानं जवळ गेले की तो तोंड फिरवतो. परवा म्हणाला, ‘तू दुसरं लग्न कर.’ मला तो अजूनही हवासा वाटतो. माझं काही चुकतंय का? (वय ३६)

उत्तर : चुकतंय कसलं? नवरा हवासा वाटला तर त्यात लाजायचं काय?

‘दुसरं लग्न कर’ हे शब्दशः घेऊ नका. ‘मी आता तुझ्या काय उपयोगाचा?’ हेच ते विचारत असावेत. ‘असं बोलू नकोस’ म्हणून गप्प केलंत तर उत्तर द्यायचं राहून जाईल. मला जे लिहिलंत ते त्यांना एकदा तरी सांगितलंय का? पत्रावरून तसं वाटलं नाही.

आता तोंड फिरवण्याबद्दल. सकाळी लघवीची पिशवी रिकामी करणारे हात रात्री गालावर आले, तर ते नर्सचे की बायकोचे, हे त्यांना कसं कळावं? निदान अंघोळ आणि शौचाचं काम काही दिवस तरी दुसऱ्या कुणावर सोपवा. मदतनीस ठेवणं म्हणजे प्रेम कमी पडणं नव्हे. तेही शक्य नसेल, तर काम आटोपल्यावर कपडे बदला, औषधं-हातमोजे नजरेआड करा आणि तासाभरानं पुन्हा खोलीत या.

शरीराचं म्हणाल, तर सगळं संपलेलं नसतं. संवेदना जिथे थांबते त्या सीमेवरची आणि तिच्या वरची त्वचा, मान, कान, ओठ, कित्येकांच्या बाबतीत पूर्वीपेक्षा हळवी होते. मेंदूपर्यंत निरोप पोचला नाही तरी थेट स्पर्शानं लिंगाला ताठरता येऊ शकते, कारण ती प्रतिक्षिप्त क्रिया मज्जारज्जूच्या खालच्या टोकाशी घडते. ती टिकत नसेल तर सिल्डेनाफिलसारखी औषधं बऱ्याच जणांना लागू पडतात. मात्र ती डॉक्टरांना विचारूनच घ्यायची, आणि हृदयासाठी नायट्रेट चालू असेल तर मुळीच नाही. आधी मूत्राशय रिकामं करा. कॅथेटर कायमचा असेल तर नळी पोटावर चिकटवून ठेवता येते.

एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवा. इजा छातीच्या सहाव्या मणक्याशी किंवा त्याच्या वर असेल आणि मध्येच डोकं ठणकायला लागलं, चेहरा लाल होऊन घाम फुटला, तर रक्तदाब धोकादायक वाढलेला असू शकतो. तिथेच थांबा, त्यांना उठवून बसवा, नळी दुमडलीय का पाहा. लगेच उतार पडला नाही तर तातडीनं दवाखाना गाठा, आणि वरचं औषध घेतलं असेल तर तेही तिथे सांगा.

पुनर्वसनाचे डॉक्टर हा विषय आपणहून काढतीलच असं नाही. तुम्ही काढा, तोही नवऱ्यासमोर.

पण हे सगळं पुढच्या महिन्यात. या आठवड्यात एवढंच करा : त्यांचे हात चालतात ना? मग त्यांच्याकडे पाठ करून बसा आणि खांदे दाबून मागा. दोन वर्षांत तुम्हाला कुणी मायेनं हात लावलेला नाही, हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण पत्रात दिसतं. त्यांना बहुधा अजून दिसलेलं नाही.