नुसतं 'भारी' लिहून भागत नाही रे

बाबू, 'मुंज्या' हा भुताचा सिनेमा बघून तू 'भारी, पैसा वसूल' लिहिलंस, पण नक्की काय भारी ते सांग ना. त्याच दिग्दर्शकाचा, आदित्य सरपोतदारचा, 2013 चा 'नारबाची वाडी' बघ, कोकण तिथेही आहे पण भूत नाय, वाडीवरची माया आहे, मला तोच जास्त भिडला. आणि 'किल्ला' तर बघच, अविनाश अरुणने दिग्दर्शन नि कॅमेरा दोन्ही सांभाळलंय, पोरगा भर पावसात किल्ल्यावर एकटा मागे राहतो तो सीन मोबाईलवर नको, टीव्हीवर आवाज वाढवून बघ, आपल्या गुहागरकडचा पाऊस अस्साच अंगावर येतो. नाय आवडला तर तसं बिनधास्त लिही, फक्त शेवट फोडू नको, इथे थिएटर लांब, बऱ्याच जणांचा बघायचा राहिलेला असतो.