ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळक मूळचे कोकणातले, मग त्यांचा धार्मिक प्रभाव नगरकडेच का दिसतो?

जन्म करजगावचा (रत्नागिरी जिल्हा, १८६१), पण टिळकांचा ख्रिस्ती धर्माकडचा प्रवास कोकणात झालाच नाही. नव्या कराराची (बायबलच्या दुसऱ्या भागाची) प्रत त्यांना राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने दिली. १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा झाला आणि पुढे बरीच वर्षं मुक्काम नगरला.

नगरला अमेरिकन मराठी मिशन १८३१ पासून होतं. शाळा होत्या, गावोगाव ख्रिस्ती मंडळ्या होत्या, त्यामुळे टिळकांच्या कीर्तनाला श्रोता तयार होता.

गंमत अशी, की मिशनरी कोकणात आधी आले होते. स्कॉटिश मिशनचं काम १८२३ मध्ये बाणकोटला सुरू झालं, मग हर्णैला. पण ते लवकरच मुंबई-पुण्याकडे वळलं. आमच्याकडची भूमी तुम्ही पाहिली असेल तर कारण सांगायला नको: दर काही कोसांवर खाडी, पलीकडे नेणारी तर (होडी) चुकली की दिवस गेला, आणि पावसाळ्यात बंदरंच बंद. घाटावर बैलगाडीने गावामागून गाव करता येई, तसं इथे जमत नसे. माझ्या मते हेच मुख्य कारण.

तरी टिळकांच्या प्रभावाच्या नकाशावर फक्त नगर दाखवणं मला अन्यायाचं वाटतं. प्रचारक पोचला नाही तिथे त्यांचे अभंग पोचले. रत्नागिरीत एका रविवारी पेटी-तबल्यावर त्यांचं भजन ऐकलं. शेजारच्या आजी पुस्तक न उघडता, डोळे मिटून सगळी कडवी म्हणत होत्या.