गंजून जाम झालेले नट-बोल्ट: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: वडिलांची १९७६ सालची प्रीमियर पद्मिनी माहीमला आमच्या इमारतीच्या आवारात अनेक पावसाळे उभी होती. आता इंजिन उघडायला घेतले, तेव्हा एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा (इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या जोडाचा) एक स्टड (बोल्टसारखी, पण डोके नसलेली आट्यांची सळई) मोडला आणि उरलेले नट जागचे हलत नाहीत. मेकॅनिक ते गॅसने कापायला सांगतो. ऐकावे का?
– एक वाचक, माहीम

उत्तर: नट गेले तर नवे मिळतात, पण स्टड ज्यात बसतात ते सिलिंडर हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, मिळणे अवघड, म्हणून गॅसने कापू देऊ नये. आपल्या गाडीचे सिलिंडर हेड ॲल्युमिनियमचे आहे. शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळते, हेडचा मिश्रधातू त्याहूनही आधी. शिवाय वितळण्यापूर्वी तो लोखंडासारखा लाल होत नसल्याने ज्योत किती वेळ धरली याचा अंदाज डोळ्यांना येत नाही.

प्रथम तारेच्या ब्रशने उघडे आटे साफ करावेत, चांगले पेनिट्रेटिंग ऑइल (गंजात झिरपणारे पातळ तेल) सोडावे आणि रात्रभर मुरू द्यावे. गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो, त्यामुळे आट्यांत तेल शिरायला फटच उरत नाही; हातोडीने नटाच्या बाजूंवर हलके ठोके देत राहिल्यास ती थोडी मोकळी होते. सॉकेट सहा कोनांचेच वापरावे, कारण बारा कोनांचे सॉकेट गंजाने झिजलेल्या नटाचे कोपरे गोल करते. नट आधी किंचित आवळून पाहावा, हलला की थोडा सोडावा, पुन्हा आवळावा. पान्यावर पाइप चढवून जोर लावण्याची आपल्याकडची आवडती रीत येथे स्टड मोडण्याचा हमखास उपाय आहे.

एवढ्याने भागले नाही, तर केवळ नट झटपट तापवावा, म्हणजे तो स्टडपेक्षा आधी फुगतो. त्यापूर्वी पेट्रोलची नळी आणि कार्ब्युरेटर उतरवून ठेवावेत आणि क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनर जवळपासही वापरू नये, कारण तापल्यावर त्यातून विषारी फॉस्जीन वायू निघू शकतो. तरीही नट अडला, तर छिन्नीने किंवा नट स्प्लिटरने तो उभा फोडावा.

मोडलेल्या स्टडची गोष्ट उलटी आहे. खाऱ्या दमट हवेत पोलाद आणि ॲल्युमिनियम एकमेकांना चिकटून गंजतात, पण ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते. त्यामुळे हेड उतरवून संपूर्ण हेडच सुमारे १५० अंशांपर्यंत तापवल्यास पकड सैल होते. स्टडचे टोक बाहेर असेल, तर त्यावर नट वेल्ड करून फिरवणे मला सर्वांत खात्रीचे वाटते. आत भोक पाडून एक्स्ट्रॅक्टर (मोडका स्टड पकडून फिरवण्याचे हत्यार) घालण्याची घाई करू नये. तो इतका कठीण असतो की आत तुटल्यास साधे ड्रिल त्यावर चालत नाही, आणि मग मशीन शॉपशिवाय गत्यंतर राहत नाही.

जोडताना पितळी नट आणि तांब्याची अँटी-सीझ पेस्ट (आटे जाम होऊ न देणारा लेप) वापरावी. मुंबईच्या हार्डवेअर बाजारात, नागदेवी स्ट्रीटवर, नट निवडताना आट्यांचे माप पडताळण्यासाठी जुना नट बरोबर न्यावा.

प्रश्न: १९५० च्या सुमाराच्या प्लिमथ मोटारीच्या डाव्या चाकांचेच बोल्ट सुटत नाहीत, उजवीकडचे सहज सुटले. गंज एकाच बाजूला कसा?
– एक वाचक, गिरगाव

उत्तर: गंज नसावा. त्या काळच्या प्लिमथ आणि डॉज गाड्यांच्या डाव्या चाकांना उलटे आटे असत. बोल्टच्या डोक्यावर इंग्रजी ‘एल’ दिसतो का पाहावे आणि पाना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवावा.