माग रुसतो, मोती शरमतो

प्रश्न : बाई, आमचे टॉवेलचे चार माग आहेत. धागा सारखा तुटायला लागला की सासरे म्हणतात, "आज रुसलाय, थोडा वेळ हात लावू नका." खंडेनवमीला हार घालतो ते ठीक, पण एरवीही मागाची समजूत काढायची? मी बीएस्सी झालेय, मला हसू येतं. माणसं असं का करतात? आमचा मोती मात्र खरंच समजूतदार. चप्पल फाडली की कान पाडून कोपऱ्यात बसतो. चूक कळतेच त्याला.
– एक वाचक, पूर्व भाग, सोलापूर

उत्तर : आधी सासऱ्यांची बाजू घेते, मग तुमच्याकडे येते.

माग सुरळीत चालू असताना सासरे त्याच्याशी बोलतात का? नाही ना? एप्रिलमध्ये आपल्याकडची हवा कोरडी ठणठणीत होते, सुतातला ओलावा जातो आणि धागा तटातट तुटतो. (शेडमध्ये पाणी शिंपडतात ते त्यासाठीच.) पण हवा दिसत नाही, दिसतो तो माग. मानसशास्त्रज्ञ निकोलस एपली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये हेच मांडलं : एखाद्या गोष्टीचं वागणं कळेना नि आवरेना, की माणूस तिला मन देऊन मोकळा होतो. एकट्या माणसाचंही तसंच, त्याला सोबत हवी असते.

बीएस्सीचा इथे उपयोग नाही. १९४४ मध्ये फ्रिट्झ हायडर आणि मेरिअन सिमेल यांनी विद्यार्थिनींना एक छोटी फिल्म दाखवली. तीत दोन त्रिकोण, एक वर्तुळ आणि दार उघडणारी चौकट, एवढंच. काय पाहिलंत विचारल्यावर ३४ जणींपैकी एकीनेच जवळपास निव्वळ भूमितीत उत्तर दिलं. बाकीच्यांना त्यात भांडण, पाठलाग, दांडगाई असं काय काय दिसलं. त्या एकीला मी आमच्या भिशीत घेतलं नसतं! आणि संक्रांतीच्या सुमाराला संमती कट्ट्यावर आपल्या ग्रामदैवताच्या, सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाचं, म्हणजे एका काठीचं, लग्न लागतं, तेव्हा अक्षता तुम्हीही टाकत असालच.

आता मोती. अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये १४ कुत्र्यांवर प्रयोग केला. मालकाने खाऊला तोंड लावू नको म्हणून बजावायचं आणि खोलीबाहेर जायचं. परत आल्यावर कुत्र्याने खाऊ खाल्ला की नाही हे मालकाला कधी खरं सांगितलं, कधी खोटं. तो शरमिंदा चेहरा दिसला तो मालक रागावला म्हणून. कुत्र्याने खाऊ खाल्ला होता की नाही, याने फरक पडला नाही. म्हणजे मोती कान पाडतो तो तुमचा आवाज चढलेला पाहून.

मला काळजी सासऱ्यांची नाही, तुमची वाटते. मागाला रुसवा चिकटवल्याने मागाचं काही बिघडत नाही. पण "कळतंय तरी करतो" असं मोतीबद्दल ठरवलं, की त्याच्या पाठीत रट्टा बसतो आणि तो कशाचा, हे त्याला उमगत नाही. तेव्हा फाटलेली चप्पल तासाभराने सापडली तर ओरडू नका. प्रत्यक्ष चावताना दिसला तरच थांबवा, त्याला दुसरं काहीतरी चावायला द्या, आणि चपला वरच्या फळीवर ठेवा.