वर्गसमीकरणं पुढे कुठे लागतात?

प्रश्न : मुलगी दहावीत आहे. वर्गसमीकरणं सोडवताना चिडून विचारते, "आई, हे मला आयुष्यात कुठे लागणार?" मलाही ती कधी लागली नाहीत. काय सांगू तिला?

उत्तर : ताई, खोटं काही सांगू नका. वर्गसमीकरणाचं सूत्र तिला कदाचित पुन्हा कधीच लागणार नाही. बत्तीस वर्षं गणित शिकवलं मी, पण वर्गाबाहेर ते सूत्र मलाही क्वचितच लागलं. त्या निमित्ताने लागलेल्या दोन सवयी मात्र रोज उपयोगी पडतात.

पहिली सवय "कितींपैकी?" असं विचारण्याची. समजा, एक आजार हजारात एकाला होतो. तपासणी आजारी माणसाला अचूक पकडते, पण शंभर निरोगी माणसांतल्या पाच जणांनाही चुकून आजारी ठरवते. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, तर खरंच आजार असण्याची शक्यता किती? १९७८ साली हार्वर्डशी संलग्न रुग्णालयांतल्या ६० डॉक्टरांना आणि वैद्यकीय विद्यार्थ्यांना जवळपास हाच प्रश्न विचारला होता. सर्वाधिक जणांचं उत्तर होतं, ९५ टक्के. बरोबर उत्तर दिलं फक्त ११ जणांनी.

आता कागद घ्या. हजार माणसं, त्यात आजारी एक. उरलेल्या ९९९ जणांचे पाच टक्के, म्हणजे जवळपास पन्नास जण, चुकून पॉझिटिव्ह. एकूण एक्कावन्न रिपोर्ट, खरा आजारी एकच. शक्यता जेमतेम दोन टक्के! (लक्षणं असतील तर हिशेब बदलतो, आणि डॉक्टरांकडे तर जायचंच.) यात गुणाकार-भागाकारापलीकडे काही नाही. घोडं अडतं ते "कितींपैकी?" हे न विचारल्यामुळे. माझ्या बहिणीचा असा रिपोर्ट आला, तेव्हा रात्री आम्ही दोघींनी हेच आकडे मांडले. भीती पुरती गेली नाही, पण दुसऱ्या तपासणीपर्यंत तिला झोप तरी लागली.

दुसरी सवय पायऱ्या लिहिण्याची. एका मुलीचं उत्तर सारखं चुकायचं आणि "मला गणित येतच नाही" म्हणून ती रडायची. तिची वही एकेक ओळ करत वाचली. तिसऱ्या ओळीत कंस सोडवताना उणे चिन्ह बदलायचं राहिलं होतं. बाकी सगळं बरोबर! "मला येत नाही" आणि "तिसऱ्या ओळीत चुकलं" यांत केवढा फरक आहे, पाहा.

आज लेकीशेजारी बसा. चुकलेलं एखादं गणित काढा आणि कितव्या ओळीत घसरलं, तेवढं तिचं तिला शोधू द्या.