सडाजवळची गाठ: किती दिवस वाट पाहायची?

प्रश्न: आमची देशी कुत्री नऊ वर्षांची आहे, नसबंदी केलेली नाही. मागच्या सडाजवळ हरभऱ्याएवढी गाठ होती, दोन महिन्यांत सुपारीएवढी झाली. दुखत नाही, जेवण नीट आहे. दुधाची गाठ असेल, हळद लावून शेका, असं शेजारी सांगतात. थांबून पाहावं का?

उत्तर: थांबू नका, याच आठवड्यात दाखवा. गाठ दुखत नाही यावर विसंबू नका, कारण स्तनाच्या बहुतेक गाठी सुरुवातीला दुखतच नाहीत. वय, नसबंदी नसणं, मागची जागा आणि वाढीचा वेग या चारही गोष्टी स्तनाच्या ट्यूमरकडे बोट दाखवतात. कुत्रीला साधारणपणे स्तनांच्या पाच जोड्या असतात. मागच्या दोन जोड्यांत दूधग्रंथीचा भाग जास्त असतो आणि गाठीही तिथेच जास्त होतात. त्यातल्या ढोबळ मानाने निम्म्या साध्या निघतात, निम्म्या कर्करोगाच्या. हाताने चाचपून हा फरक कोणालाच सांगता येत नाही, डॉक्टरांनाही नाही.

दूध साठून आलेली सूज वेगळी असते. माज संपल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी, गाभण नसतानाही, दोन्ही बाजूंचे सड एकदम भरतात, मऊ लागतात, कधी दूधही येतं. दोन-तीन आठवड्यांत ते आपोआप ओसरतं. तेव्हा शेकू नका, चोळू नका, दूध पिळू नका. प्रत्येक स्पर्शाने दूध आणखी वाढतं. शेवटचा माज कधी झाला हे तुम्ही लिहिलेलं नाही. डॉक्टर ते पहिलं विचारतील, तारीख आठवून ठेवा.

जाण्याआधी तिला कुशीवर झोपवा आणि काखेपासून जांघेपर्यंत एकेक सड अंगठा आणि बोटांमध्ये धरून हलकेच चाचपा. मग दुसरी बाजू. एक गाठ सापडली की बरेच जण तिथेच थांबतात आणि पुढची छोटी गाठ राहून जाते. प्रत्येक गाठ पट्टीने मोजा, पट्टी शेजारी ठेवून फोटो काढा. तीन सेंटीमीटरच्या आत काढलेल्या गाठीचा निकाल मोठ्या गाठीपेक्षा चांगला लागतो. दोन महिने वाट पाहणं महागात पडतं ते यासाठी.

दवाखान्यात सुईने पेशी काढून तपासतील. त्यातून चरबीची गाठ किंवा गळू ओळखता येतं, पण स्तनाची गाठ साधी की कर्करोगाची हे सुईवर खात्रीने ठरत नाही. म्हणून गाठ काढूनच तपासावी लागते. शस्त्रक्रियेआधी रक्त तपासणी आणि छातीचे तीन बाजूंनी एक्स-रे करून घ्या, कारण हा कर्करोग फुप्फुसात पसरतो. काढलेली गाठ फॉर्मॅलिनमध्ये (नमुना खराब होऊ न देणाऱ्या द्रावणात) घालून बायोप्सीला पाठवलीच पाहिजे. गाठी अनेक असतील तर प्रत्येक वेगळ्या बाटलीत. एकाच कुत्रीत दोन प्रकार निघू शकतात. खर्च वाचवायला बायोप्सी टाळली की पुढचे उपचार अंदाजाने होतात.

अनेक सड एकदम लाल, गरम, कडक झाले आणि हात लावू देत नाही, तर त्याच दिवशी दाखवा. हा स्तनदाह असू शकतो, पण पिल्लं नसलेल्या वयस्क कुत्रीत असा दिसणारा एक अतिशय आक्रमक कर्करोगही असतो. माजानंतरच्या दोन महिन्यांत पोट फुगलं, तहान वाढली, मलूल झाली किंवा योनीतून पू जाऊ लागला, तर गर्भपिशवीत पू झाल्याची शंका घ्या. तिथे एका रात्रीचा उशीरही जिवावर बेततो. घरातली पॅरासिटामॉल, आयब्रुफेन किंवा डायक्लोफेनॅक कधीच देऊ नका.

प्रश्न: तीन महिन्यांच्या मादी पिल्लाच्या बेंबीजवळ मऊ फुगवटा आहे. दाबला की आत जातो.

उत्तर: बेंबीचा हर्निया दिसतो, म्हणजे पोटाच्या स्नायूंतल्या छिद्रातून आतला भाग बाहेर डोकावतो. बोटाच्या टोकाएवढं छिद्र असेल आणि फुगवटा सहज आत जात असेल तर घाई नाही. सहा महिन्यांपर्यंत काही वेळा ते बुजतं, नाहीतर नसबंदीच्या वेळी शिवतात. काही जण वरून नाणं बांधतात, तसं करू नका, त्याने छिद्र बुजत नाही, कातडी मात्र सोलते. जांघेतल्या फुगवट्याला ही सवलत नाही, तिथून आतडं, मूत्राशय किंवा गर्भपिशवी उतरू शकते. फुगवटा कुठलाही असो, तो कडक झाला, दुखू लागला, आत जाईना किंवा उलट्या सुरू झाल्या, तर आतडं अडकलं असं समजून लगेच निघा. जोर लावून आत ढकलू नका. हा दोष बहुधा आनुवंशिक असतो, म्हणून अशा मादीची पैदास करू नये.

प्रश्न: नसबंदीला पाच दिवस झाले, टाक्यांखाली मऊ फुगा आलाय.

उत्तर: उड्या मारल्याने तिथे पाणी साचतं. सहसा ते शरीरात जिरतं. दहा ते चौदा दिवस पट्ट्यावरच फिरवा, जिना नको, टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात घातलेली कॉलर काढू नका, घरी सुई टोचून पाणी काढू नका. तरी फोटो पाठवून डॉक्टरांना एकदा विचाराच, कारण आतले टाके तुटून हर्निया झाला तरी वरून असाच फुगा दिसतो. लाली, पू किंवा १०३ फॅरेनहाइटच्या वर ताप आला तर त्याच दिवशी जा. टाके उसवून आतलं काही बाहेर दिसलं, तर सलाइनने भिजवलेलं स्वच्छ फडकं ठेवून, चाटू न देता, थेट दवाखाना गाठा.