शायलॉक वाचताना दोन्ही बाजूंचा हिशेब ठेवा

शेक्सपिअरचं ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’ हे नाटक नव्याने वाचताय, तर थेट तिसऱ्या अंकातला पहिला प्रवेश काढा. त्यात ज्यू सावकार शायलॉक बोलतो. ‘ज्यूला डोळे नसतात का?’ हे भाषण लोक मधेच तोडतात आणि त्याला माणुसकीची हाक ठरवतात. शेवटापर्यंत वाचा: सूड आपण ख्रिश्चनांकडूनच शिकलो, असं शायलॉक म्हणतो. म्हणजे ज्यू आणि ख्रिश्चन यांच्यात साम्य आहे, पण ते दुर्गुणातलं. चौथ्या अंकात तो व्हेनिसकरांना त्यांच्या विकत घेतलेल्या गुलामांची आठवण देतो. त्याला कुणी उत्तर देत नाही. फरक दिसतो तो कायद्यात. तिथे शायलॉक ‘परका’ ठरतो आणि शेवटी त्याला सक्तीने धर्म बदलावा लागतो.

मग शेक्सपिअरचा समकालीन नाटककार मार्लो याचं ‘ज्यू ऑफ माल्टा’ घ्या. तुर्कांची खंडणी भागवायला राज्यपाल फर्नेझे ज्यूंची निम्मी मालमत्ता मागतो, आणि विरोध करणाऱ्या बाराबास या ज्यू व्यापाऱ्याची सगळीच काढून घेतो. पुढे त्याच्या पैशासाठी दोन ख्रिस्ती साधू भांडतात, तो प्रवेश तर झकासच.

लेखक ज्यूंच्या बाजूचा की विरोधात, हा निकाल आधीच लावू नका. 1290 मध्ये इंग्लंडने ज्यूंना हाकललं होतं, त्यामुळे या नाटकांच्या त्या काळच्या प्रेक्षकांसमोर बहुतांशी ऐकीव प्रतिमाच होती.